संगणकशिक्षण : व्याख्या उदंड, विचार थोडा

दहावीनंतर तंत्रनिकेतनात दाखल झालेला संगणक शाखेचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात जातो तेव्हा त्याचे वय सोळा-सतरा वर्षांचे असते. त्या वर्षाच्या आरंभी, म्हणजे तिसऱ्या सत्रात, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग हा विषय सी प्लस प्लस या भाषेच्या द्वारे त्याच्यापुढे येतो आणि चौथ्या सत्रात तोच विचार जावा या भाषेतून पुन्हा भेटतो. नाशिक रोडनजीकच्या सामनगाव रस्त्यावरील शासकीय तंत्रनिकेतनात ही स्थिती आहे, तशीच ती जिल्ह्यातील खासगी तंत्रनिकेतनांतही आहे. पदवी अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांनाही हा विषय चुकत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत द्वितीय वर्षाला तो आहेच.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहून ज्यांना पुढे उपजीविका करावयाची आहे, त्यांच्या शिक्षणाचा हा कणा मानला जातो आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा आहे, की हा कणा विद्यार्थ्याच्या अंगी खरोखर उतरतो काय? क्लास, ऑब्जेक्ट, एन्कॅप्स्युलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या शब्दांच्या व्याख्या विचारल्या तर बहुतेक विद्यार्थी त्या एका दमात म्हणून दाखवितात. त्याच विद्यार्थ्यांना एखादे लहानसे काम, समजा ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद, देऊन ‘यात कोणकोणते क्लास असावेत आणि विलंबशुल्काचा हिशेब कोणाकडे असावा’ असे विचारले, की शांतता पसरते. व्याख्या आणि विचार यांत पडलेले हे अंतर विद्यार्थ्यांच्या आळसातून निर्माण झालेले नाही. आपण हा विषय ज्या रीतीने शिकवितो, आणि त्याहूनही अधिक ज्या रीतीने त्याची परीक्षा घेतो, त्यातून ते निर्माण झाले आहे.

मूळ प्रश्न रांगेचा

हा विचार जन्मला कोठे, हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेत ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोन संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा घडविली. १९६७ मध्ये तिला जे रूप आले त्यात क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तिन्ही कल्पना प्रथमच एकत्र दिसतात. त्या दोघांपुढील प्रश्न व्यवहारातील होता. एखाद्या कारखान्यात कामाचा प्रवाह कोठे तुंबतो, रांग कोठे वाढते, एक यंत्र वाढविले तर काय होईल, याचे अनुकरण संगणकावर करून पाहावयाचे होते. अशा अनुकरणात यंत्र, कामगार, माल, रांग या प्रत्येकाला स्वतःची स्थिती असते आणि स्वतःचे वर्तन असते. तेव्हा आज्ञावलीचेही तसेच भाग पाडावेत, हा त्यांचा साधा परंतु दूरगामी निर्णय होता. नीगार्ड यांनी पुढे नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले आणि कारखान्यात येणाऱ्या संगणकाचा अर्थ कामगारांना कळावा यासाठी परिश्रम घेतले. २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक या दोघांना मिळाले. पुढील वर्षी दोघेही निवर्तले.

डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी केंब्रिजला संशोधन करीत असताना सिम्युला वापरली होती. तिच्यातील विचाराची मांडणी त्यांना पसंत पडली, परंतु तिचा वेग अपुरा वाटला. म्हणून १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी सी या भाषेला क्लासची जोड देण्याचे काम आरंभिले. त्यातून निघालेल्या भाषेला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली. तीच आज आपल्या तिसऱ्या सत्रात आहे. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. ती आपल्या चौथ्या सत्रात आहे. म्हणजे भाषा आपण घेतल्या. मात्र ज्या प्रश्नातून त्या निघाल्या, तो प्रश्न ओस्लोतच राहिला.

वस्तुतः रांगेचा प्रश्न नाशिककरांना परका नाही. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडानजीकच्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. गर्दी कोठून येते, कोठे थांबते, एखादी वाट बंद केली तर ती कोणीकडे वळते, हा प्रश्न त्या दिवसापासून या शहराच्या मनावर कोरला गेला आहे. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या प्रेरणेने २०१५ च्या सिंहस्थापूर्वी ‘कुंभथॉन’ हा उपक्रम येथे झाला. पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी ‘अशियोतो’ नावाची चटई त्या वातावरणात तयार झाली आणि त्या सिंहस्थात प्रत्यक्ष वापरली गेली. तिच्यामागे नाशिकच्याच एका शाळकरी मुलाचा पुढाकार होता. प्रश्न समोर दिसत असला म्हणजे कोवळ्या वयातही बुद्धी कशी चालते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घाट, वाट, भाविक आणि रांग हे चार क्लास कल्पून गर्दीचे एक लहान अनुकरण तयार करणे, हे तिसऱ्या सत्रातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. ते करताना तो दाल आणि नीगार्ड यांच्याच वाटेने चाललेला असेल. आपल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत मात्र अजूनही वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि विद्यार्थ्याचे नाव व हजेरी क्रमांक छापून दाखविण्याचेच काम चालते.

बदल हीच कसोटी

वर्तुळाच्या क्षेत्रफळात दोष असा, की ते कधी बदलत नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचाराची गरज भासते ती बदलाच्या वेळी. शंभर ओळींची आणि एकदाच चालवावयाची आज्ञावली कशीही लिहिली तरी चालते. दहा वर्षे चालणारी, अनेक हातांतून जाणारी आणि दर वर्षी नव्या नियमांना तोंड देणारी आज्ञावली मात्र आधीच नीट विभागलेली असावी लागते.

राज्य परिवहन महामंडळाच्या तिकिटाचे उदाहरण घेऊ. साधी लालपरी, शिवशाही, शिवनेरी अशा गाड्या निराळ्या आणि त्यांचे भाडे निराळे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. आता कल्पना करावी, की तिकिटाची आज्ञावली एखाद्या नवशिक्याने लिहिली आहे. गाडी कोणती, प्रवासी कोण, वय किती, हे ‘जर-तर’चे प्रश्न त्याने तिकीट काढण्याच्या जागी लिहिले, आगाऊ आरक्षणाच्या जागी लिहिले, तिकीट रद्द करण्याच्या जागी लिहिले आणि आगाराच्या हिशेबाच्या जागीही लिहिले. नवी सवलत जाहीर होताच त्याला या चारही जागा शोधून दुरुस्त कराव्या लागतील. एक जरी राहिली, तर अर्धे भाडे भरून आरक्षण केलेल्या प्रवासी स्त्रीला तिकीट रद्द करताना चुकीचा परतावा मिळेल, आणि वाद मात्र खिडकीवरच्या कारकुनाला ऐकून घ्यावा लागेल.

दुसऱ्या रीतीत ‘सवलत’ हा एक स्वतंत्र क्लास होतो. ज्येष्ठांची सवलत, महिलांची सवलत, विद्यार्थ्यांची सवलत हे त्याचे निरनिराळे प्रकार होत. भाड्यात किती सूट द्यावयाची हे ज्याचे त्याला ठाऊक. तिकीट त्याला फक्त विचारते. नवी सवलत आली, की त्या कुटुंबात एक सदस्य वाढतो आणि बाकीची आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी राहते. विषयाचे सारे मर्म एवढ्यात आले आहे.

परंतु खरे शिक्षण याच्याही पुढे सुरू होते. ७५ वर्षांवरील आजीबाई महिलाही आहेत आणि ज्येष्ठही. त्यांना कोणती सवलत लागू? उत्तर व्यवहारात सोपे आहे, कारण मोफत प्रवास कोणीही पसंत करील. आज्ञावलीत मात्र हा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे ठरवावे लागते. प्रवाशाने, सवलतीने, तिकिटाने की या सर्वांहून निराळ्या अशा एखाद्या नियमावलीने? या प्रश्नावर वर्गात अर्धा तास वाद झाला, तर त्या अर्ध्या तासात विद्यार्थी जे शिकतील ते व्याख्यांच्या दहा पानांतून मिळणार नाही. अशा वादाला पुष्कळदा एकच बरोबर उत्तर नसते. एका मांडणीची किंमत दुसऱ्या मांडणीपेक्षा कमी असते, इतकेच. हा तोल सांभाळण्याची सवय म्हणजेच अभियांत्रिकी होय.

याच तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणजे दोन हजार साल उजाडताना जगभर उडालेली धांदल. जुन्या आज्ञावल्यांत वर्ष दोनच अंकांत लिहिलेले होते, आणि ते जागोजागी विखुरलेले असल्यामुळे लक्षावधी ओळी तपासाव्या लागल्या. तारखेचा सारा व्यवहार एका बंद पेटीत ठेवलेला असता, तर बऱ्याच ठिकाणी ती पेटी तेवढी दुरुस्त करून भागले असते. बदलण्याजोगा निर्णय एका भागात लपवून ठेवावा आणि इतरांना त्याची कल्पनाही असू नये, हे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडले होते. तो शहाणपणा विकत घेण्यास जगाला पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली.

शब्दांची फसगत

या विषयाची दुसरी अडचण भाषेची आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या भागांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करण्याखेरीज दुसरा मार्ग सुचत नाही. शासनाने २०२१ पासून पदविका अभ्यासक्रमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्यायाची वाट मोकळी केली, हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि केवळ शब्दाला प्रतिशब्द ठेवल्याने अर्थ पोहोचतो, हा समज सोडून द्यावा लागेल. कधीकधी मराठी शब्द इंग्रजी शब्दापेक्षा अधिक चकवितो.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ला कोणी ‘वस्तुनिष्ठ’ म्हणाले, तर मराठी वाचक त्याचा अर्थ निःपक्षपाती असा घेईल. इनहेरिटन्सला आपण सहजच वारसा म्हणतो. परंतु आपल्याकडे वारसा म्हटला, की मूळ मालक दिवंगत होतो, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात आणि जमिनीचे हिस्से पडतात. आज्ञावलीतील वारशात यातले काहीच घडत नाही. मूळ क्लास जिवंत असतो, प्रत्येक वारसाला त्याचे सर्व काही अखंड मिळते आणि दहा वारस झाले तरी कोणाचा वाटा घटत नाही. पॉलिमॉर्फिझमला बहुरूपता म्हणावे, तर डोळ्यांपुढे बहुरूपी उभा राहतो. माणूस एक आणि सोंगे अनेक. येथे प्रकार नेमका उलटा आहे. शाळेची घंटा एकदाच वाजते. ती ऐकून मुले दप्तरे आवरतात, शिक्षक खडू खाली ठेवतात आणि शिपाई खोल्यांना कुलपे लावू लागतो. घंटा देणाऱ्याला यांपैकी कोणाचेही काम सांगावे लागत नाही. हाक एकच आणि प्रतिसाद ज्याचा त्याचा, हे पॉलिमॉर्फिझमचे खरे स्वरूप आहे.

म्हणून मूळ संज्ञा तशाच ठेवून त्यांचे विवरण मराठीत आणि आपल्या परिचयाच्या व्यवहारातून करणे हा मार्ग अधिक श्रेयस्कर वाटतो. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतील भेद सांगण्यासाठी नाशिक रोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयाकडे बोट दाखवावे. पाचशेच्या नोटेचा आराखडा एक. त्यावरून छापलेल्या नोटा असंख्य, आणि प्रत्येकीचा क्रमांक स्वतंत्र. आराखडा खिशात घालून बाजारात जाता येत नाही; व्यवहार नोटेनेच होतो. एन्कॅप्स्युलेशन समजावयाचे असेल तर बँकेची खिडकी पाहावी. खातेदार चिठ्ठी आत सरकवितो, पैसे मोजून घेतो. परंतु त्याचा हात रोखपालाच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. पेटीतील नोटांची रचना उद्या बदलली तरी खातेदाराला त्याची खबर नसते. अर्थात प्रत्येक उपमा कोठपर्यंत चालते आणि कोठे थांबते, हेही शिक्षकाने सांगितले पाहिजे. उपमेच्या मर्यादेवर चर्चा झाली, म्हणजे संकल्पना पक्की होते.

प्रश्नपत्रिकेचे राज्य

हे सर्व शिक्षकांना ठाऊक नाही असे नव्हे. तंत्रनिकेतनांतील पुष्कळ अध्यापक मनापासून शिकवितात. परंतु अभ्यासक्रम वेळेत संपवावयाचा, प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासावयाच्या, उपस्थितीचे तक्ते भरावयाचे आणि शिवाय निकालाची टक्केवारी राखावयाची, या रेट्यात परीक्षेला जे विचारले जाते तेच शिकविले जाते. लेखी परीक्षा सत्तर गुणांची आणि तीन तासांची. तिच्यात दोन, चार व सहा गुणांचे तुकडे पडलेले. अमक्याची व्याख्या द्या, तमक्याचे चार उपयोग सांगा, प्रोसिजर ओरिएंटेड आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतींतील फरक लिहा, अशा स्वरूपाचे प्रश्न फिरून फिरून येतात. मंडळ आदर्श उत्तरेही प्रसिद्ध करते. त्यामागील हेतू पारदर्शकतेचा आहे, यात शंका नाही. प्रत्यक्षात मात्र ती उत्तरेच पाठ्यपुस्तक होऊन बसतात. फरकाचा तक्ता पाठ करणाऱ्याला चार गुण मिळतात; तिकिटाच्या उदाहरणावर डोके शिणविणाऱ्याला त्या श्रमाचा एकही गुण मिळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने यांतून कोणता मार्ग स्वीकारावा, अशी आपली अपेक्षा आहे?

साधनांचीही हीच कथा. १९९० च्या सुमारास निघालेली टर्बो सी प्लस प्लस ही प्रणाली अगदी अलीकडेपर्यंत आपल्या अनेक प्रयोगशाळांत ठाण मांडून होती. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले; त्यापूर्वीच्या रीतीने लिहिलेल्या आज्ञावल्या आजच्या प्रणालीवर पुष्कळदा चालतसुद्धा नाहीत. वहीत उतरलेले उदाहरण जुने, ते चालण्यासाठी प्रणाली जुनी, आणि प्रणाली जुनी म्हणून उदाहरणही बदलावयाचे नाही, असे हे चक्र होते.

यंत्र आज्ञावली लिहू लागले तेव्हा

इतकी वर्षे हे निभावून गेले, कारण ज्याला आज्ञावलीच्या चार ओळी बिनचूक लिहिता येत त्याला कोठे ना कोठे शिरकाव मिळत असे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि ही सोय संपुष्टात येऊ लागली. प्रात्यक्षिकाच्या वहीतील कोणतीही आज्ञावली अशी साधने क्षणार्धात लिहून देतात. व्याख्या तर विद्यार्थ्यापेक्षा नीटस देतात. जे काम आपण परीक्षेत मोजतो, नेमके तेच काम यंत्राने प्रथम हाती घेतले आहे. उरते ते दुसरे काम. यंत्राने लिहून दिलेली मांडणी योग्य आहे काय, उद्याचा बदल ती सोसेल काय, आजीबाईंच्या सवलतीचा विचार तिच्यात झाला आहे काय, हे पारखण्याचे काम माणसालाच करावे लागणार. ज्याला ही पारख शिकविलेली नाही, त्याने यंत्राचे उत्तर मान खाली घालून स्वीकारावे, एवढेच त्याच्या हाती राहील. ज्या घरांनी द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या बेभरवशाच्या उत्पन्नातून तंत्रनिकेतनाचे शुल्क भरले, त्या घरांशी हा व्यवहार न्याय्य ठरणार नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचीच जादू आता ओसरत आहे, असे काही जाणकार म्हणतात. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेत आणि २०१५ मध्ये स्थिरावलेल्या रस्ट या भाषेत क्लासचा वारसा ठेवलेलाच नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाच्या चार लेखकांनीही, वारशापेक्षा लहान लहान भाग जोडून रचना करावी, असाच सल्ला दिला होता. हा आक्षेप खोटा नाही; परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या प्रतिपादनाला बळकटीच आणतो. भाषा येतील आणि जातील. जबाबदारी कोणाकडे असावी, काय उघडे ठेवावे, काय झाकावे, बदलाचा धक्का किती दूर पोहोचू द्यावा, हे प्रश्न मात्र प्रत्येक भाषेत राहणारच. विद्यार्थ्याला हे प्रश्न शिकविले असतील, तर तो नवी भाषा काही आठवड्यांत आत्मसात करील. शब्दच शिकविले असतील, तर भाषेबरोबर त्याचे ज्ञानही जुने होईल.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. लेखी परीक्षेच्या सत्तर गुणांपैकी निदान वीस गुण एकाच सलग प्रश्नाला द्यावेत. प्रश्नपत्रिकेत चाळीस-पन्नास ओळींची एक अपरिचित आज्ञावली छापावी. तिच्यातील दोष विचारावेत, एक नवा नियम द्यावा आणि तो कोठे व कसा बसवावा, हे कारणांसह लिहावयास सांगावे. असा प्रश्न राज्यभर एकाच निकषाने तपासता येतो. तेव्हा मूल्यमापनात पक्षपात होईल ही भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. उत्तर मराठीत, इंग्रजीत किंवा दोहोंच्या मिश्रणात लिहिण्याची मुभा असावी.

प्रात्यक्षिकांत दर आठवड्यास नवे उदाहरण देण्याऐवजी एकच काम पूर्ण सत्रभर चालवावे. ग्रंथालय, बाजार समितीतील लिलाव, एस. टी. चे तिकीट, दूध संकलन केंद्र. विषय विद्यार्थ्याने आपल्या गावातून निवडावा. दर पंधरा दिवसांनी शिक्षकाने त्यात एक अनपेक्षित नियम घालावा. सत्राच्या मध्यावर वह्यांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याची आज्ञावली पुढे न्यावी. दुसऱ्याच्या गबाळ्या आज्ञावलीत आठवडाभर चाचपडल्यावर एन्कॅप्स्युलेशनची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही. चौथ्या सत्रात जावा शिकविताना तेच काम नव्या भाषेत उतरवावे, म्हणजे भाषा बदलली तरी विचार टिकतो हे विद्यार्थी स्वतः पाहतील. सूक्ष्मप्रकल्पाची तरतूद अभ्यासक्रमात आलेली आहेच; फक्त तिचे रूपांतर सजविलेल्या मुखपृष्ठांच्या गठ्ठ्यात होऊ देता कामा नये.

यंत्राच्या मदतीवर बंदी घालणे निरर्थक आहे. ती पाळली जाणार नाही आणि पाळली गेली तरी उपयोगाची नाही. यंत्राने दिलेली आज्ञावली विद्यार्थ्याने आणावी, परंतु तोंडी परीक्षेत तिच्यातील प्रत्येक निर्णयाचे समर्थन त्याने स्वतः करावे. बाह्य परीक्षकाने तेथेच एक नियम बदलून दाखवावयास सांगितला, की खरे-खोटे कळण्यास पाच मिनिटे पुरतात. त्यासाठी परीक्षकाजवळ तेवढा वेळ मात्र असला पाहिजे. एकेका दिवशी साठ-साठ विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा उरकावयाच्या आणि तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनावर अध्यापन चालवावयाचे, ही रीत चालू राहणार असेल तर वरीलपैकी कोणतीही सुधारणा कागदाबाहेर येणार नाही. शिक्षकांची पदे भरणे हे शासनाचे काम आहे आणि ते अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेइतकेच निकडीचे आहे.

अभ्यासक्रम बदलण्यात आपण कुचराई केलेली नाही. दर काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. बदलत नाही ती परीक्षा, आणि शिक्षण परीक्षेच्या सावलीतून बाहेर पडत नाही. ज्या विषयाचे सारे सार बदलाला सामोरे जाण्यात आहे, त्या विषयाची परीक्षाच वर्षानुवर्षे न बदलता राहावी, हा विरोधाभास मंडळाच्या अभ्यास समित्यांनी आता मनावर घेतला पाहिजे. आज दुसऱ्या वर्षात बसलेली मुले पुढील दीड-दोन वर्षांत नोकरीच्या किंवा पदवीच्या दारात उभी राहतील. त्यांना तेथे कोणी व्याख्या विचारणार नाही. समोर एक जुनी, गुंतागुंतीची आज्ञावली ठेवून ‘यात एवढा बदल करून द्या’ असेच सांगितले जाईल. तो बदल करण्याचा सराव त्यांना तंत्रनिकेतनातच मिळावा, ही मागणी काही अवाजवी नव्हे.